५/८/७७ म्हणजे पाच ऑगस्ट नव्हे! (ग्रेटफुल डेडची लाइव्ह रेकॉर्डिंगं)

अर्धीकॅसेट
लिहू लिहू म्हणत वर्ष गेलं, आज पावसाने लोकल बंद, म्हणजे घरून काम, आणि घरून काम म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, तर हा धागा.

विषय ग्रेटफुल डेड. सॅन फ्रान्सिस्कोकडचा रॉक बँड, १९६५ ते १९९५, तीस वर्षांत २३००च्या आसपास शो केले आणि त्यातल्या बहुतेक शोची कुठली ना कुठली टेप आज शिल्लक आहे. मला हा नाद लागला तो एका घोळातून. हॉस्टेलवर एक सीनियर होता, त्याने हार्ड डिस्कवर गाणी भरून देताना एवढंच सांगितलं की बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल पण ५/८/७७ ऐक. आता आपल्या डोक्यात ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट. घरी येऊन यादी काढून बसलो तर १९७७च्या ऑगस्टमध्ये ह्या लोकांचा एकही शो नाही! मिकी हार्ट, त्यांचा एक ड्रमर, जूनमध्ये गाडीच्या अपघातात चांगलाच जायबंदी झाला होता, उन्हाळ्याचा दौरा रद्द, थेट सप्टेंबरमध्ये परत उभे राहिले. मला वाटलं सीनियरने गंडवलं. चार महिन्यांनी ट्यूब पेटली की अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. ८ मे १९७७. कॉर्नेल विद्यापीठ, बार्टन हॉल, इथाका. मे महिन्यात बाहेर बर्फ पडत होता म्हणे त्या रात्री.

त्याआधी ह्यांचे दोन स्टुडिओ अल्बम ऐकून मी 'बरे आहेत' म्हणून सोडून दिलेले. गाणी चांगली पण सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. आणि मग कॉर्नेलचा दुसरा सेट. 'स्कार्लेट बेगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये जातात ते (दोन गाणी न थांबता जोडली की डेडवाले मधे बाण काढतात, यादीत असे बाण जितके जास्त तितकी लाळ जास्त), मी तीनदा मागे नेऊन ऐकलं की नक्की कुठल्या क्षणाला पहिलं संपलं, नाही सापडलं. बास आधी सरकतो, मग ढोल, गिटार अजून जुन्याच गाण्यात रेंगाळतेय, आणि एकदम लक्षात येतं की अरे आपण दुसऱ्या गावाला आलो की. शेवटी 'मॉर्निंग ड्यू'. त्यातली जेरी गार्सियाची (त्यांचा मुख्य गिटारवाला, गायकही) शेवटची गिटार ऐकताना मी मेसच्या ताटावर बसलो होतो, वरण गार झालं.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. ह्या रेकॉर्डिंगचे दोन प्रकार. एक साउंडबोर्ड, म्हणजे मिक्सरमधूनच तार काढून घेतलेलं, स्वच्छ, प्रत्येक वाद्य वेगळं. दुसरं ऑडियन्स टेप, म्हणजे कुणीतरी गर्दीत काठीवर माइक उभा करून घेतलेलं. सगळे साउंडबोर्डच्या मागे असतात. मीही होतो. आता दहा वर्षांनी माझं मत असं झालंय की साउंडबोर्डवर बँड ऐकू येतो आणि ऑडियन्स टेपवर ती रात्र ऐकू येते. कॉर्नेलचीच गर्दीतली टेप ऐका. आवाज घुमतो, बास थोडा गढूळ आहे, पण गाणं ओळखीचं निघाल्यावर हॉलमध्ये जी लाट येते ना, ती बोर्डाच्या टेपवर कुठेतरी लांब शेजारच्या बिल्डिंगमध्ये मॅच चालू असल्यासारखी वाटते. माझ्या मते चांगली ऑडियन्स टेप असेल तर तीच आधी ऐकावी. शिव्या घाला आता.

रॉकपेक्षा_झांज
घालतोच. अहो फिल लेशचा बास ऐकायचा असेल तर साउंडबोर्डला पर्याय नाही. तो बास वाजवतच नव्हता मुळात, म्हणजे बास जसा वाजवतात तसा. मूळ माणूस शास्त्रीय संगीतातला, ट्रम्पेटवाला, बँडमध्ये आल्यावर बास शिकला, त्यामुळे खाली बसून ठोकळे टाकत राहण्याऐवजी हा सतत गिटारशी बोलतोय, उलट उत्तरं देतोय. गर्दीतल्या टेपवर ह्याचं नुसतं 'बूंऽऽ' होतं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गेला तेव्हा मी रात्रभर फक्त १९७२च्या टेपा लावल्या होत्या, बायको म्हणाली घरातलं कुणी गेलंय का.

आणि कॉर्नेल कॉर्नेल काय लावलंय सगळ्यांनी. छान आहे, गुळगुळीत आहे, अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतलंय, सगळं मान्य. पण ती प्रसिद्ध झाली त्यात मोठा वाटा टेपच्या दर्जाचा आहे. बेटी कँटर-जॅक्सन ह्या बाईने रेकॉर्ड केलेली आहे ती. तिची रिळं एका गोदामात पडून होती, भाडं थकलं म्हणून १९८६ला लिलावात गेली, घेणाऱ्यांकडून हळूहळू लोकांत आली. इतकं सुंदर ध्वनिमुद्रण हातोहात पसरल्यावर १९७७ हे 'सर्वोत्तम वर्ष' ठरणारच. त्याच आठवड्यातले आजूबाजूचे शो ऐका, तितकेच तगडे आहेत.

अर्धीकॅसेट
बेटीबाईंना दंडवत आहेच. त्या काळात पुरुषांच्या त्या गराड्यात केबली ओढत, स्पीकर उचलत हे काम केलं त्यांनी, आणि मिक्स असा की प्रत्येक वाद्याला बसायला स्वतःची खुर्ची दिलीये. अडतंय ते एवढंच, की खुर्च्या ऐकू येतात, हॉल नाही.

विलंबित_विलास
मी ह्या बँडबद्दल काडीचं ऐकलेलं नाही, बैठकीवाला माणूस. पण हा वाद ओळखीचा वाटला म्हणून थांबलो. आमच्याकडे खासगी मैफिलींच्या टेपा फिरायच्या, त्यात तंबोऱ्यापेक्षा पंख्याचा आवाज मोठा, मधेच कुणीतरी 'क्या बात' म्हणतो, कपबशी वाजते. पण कंपनीच्या रेकॉर्डवर त्याच बुवांनी बावीस मिनिटांत आवरलेला राग इथे दीड तास. मी अजून ती पंख्याची टेपच लावतो. फक्त कृपा करून 'आलाप' वगैरे शब्द गिटारवाल्यांना लावू नका.

अर्धीकॅसेट
विलासराव, नाही लावत. पण एक ऐका. 'डार्क स्टार' म्हणून गाणं आहे. १९६८ला सिंगल म्हणून आलं तेव्हा पावणेतीन मिनिटांचं होतं, कुणी हिंग लावून विचारलं नाही. पुढच्याच वर्षी 'लाइव्ह/डेड' अल्बमवर तेच गाणं २३ मिनिटांचं आलं, २७ फेब्रुवारी १९६९, सॅन फ्रान्सिस्कोतला फिलमोर वेस्ट हॉल. गाण्याचे शब्द म्हणजे दोन छोटी कडवी. बाकी सगळा वेळ ते त्या सुराभोवती फिरतात, लांब जातात, इतके लांब की आता हे परत येत नाहीत असं वाटतं, मग लेश ती मूळची ओळ हळूच एकदा वाजवून दाखवतो आणि सगळे वळतात. ह्याला काय म्हणायचं तो शब्द तुम्ही द्या.

विलंबित_विलास
ऐकलं. पहिली आठ मिनिटं चिडचिड झाली. नंतर नाही झाली. शब्द अजून देत नाही.

सेक्रेटरी_बी_विंग
माफ करा, पण हे सगळं नशेत ऐकायचं संगीत आहे. शुद्धीत ऐकलं तर तेच तेच तेच. माझ्या मेव्हण्याने एकदा गाडीत लावलं होतं, खंडाळ्याला सुरू झालेलं गाणं तळेगावला पण चालूच.

अर्धीकॅसेट
सेक्रेटरीसाहेब, मेव्हण्याचा नंबर द्या.
नशेचं म्हणाल तर इतिहास लपवण्यात अर्थ नाही. त्यांचा पहिला साउंडवाला आउस्ली स्टॅनली उर्फ बेअर हाच मुळात एलएसडी बनवणारा केमिस्ट. पण गंमत अशी की ह्या टेपा जन्माला आल्या त्या त्याच्याच शिस्तीमुळे. काल रात्री आपण मिक्स कसा केला, कुठे चुकलं, हे तपासायला तो रोज रेकॉर्ड करायचा, 'ध्वनीची रोजनिशी' म्हणायचा त्याला. मी स्वतः हे सगळं चहावर ऐकलेलं आहे, फार तर आल्याचा.

माडाखालचा
वाचून अंगावर काटा आला हो, कारण माझ्याकडे ह्यातली एक कॅसेट आहे. आम्ही गोव्यातले, हणजुण्याजवळचे. नव्वदच्या दशकात बुधवारच्या बाजारात परदेशी लोक घरी परत जाताना असेल नसेल ते विकून जायचे, शर्ट, पुस्तकं, स्टोव्ह. त्यात मी वीस रुपयाला चार कॅसेटी घेतल्या, वरती टेपून वापरता येतील म्हणून! एकीवर निळ्या पेनाने बारीक अक्षरात गाणी लिहिलेली, मधे ते बाण, आणि तारीख 8/27/72. मला तर ती तारीखच वाटली नाही, २७वा महिना कुठला? काहीतरी नंबर असेल म्हटलं. टेपायच्या आधी एकदा लावून बघितली आणि मग टेपली नाही.

त्या टेपमध्ये एका गाण्याच्या ऐन मध्यात बाजू संपते. खट. उलटून लावली की पुढे काहीतरी दुसरंच. आता नेटवर तो पूर्ण शो मिळतो, पण त्या जागी आलं की माझा हात आपोआप उठतो, आणि खट झालं नाही की चुकल्यासारखं वाटतं.

अर्धीकॅसेट
माडाखालचे भाऊ, तुमच्याकडे काय आहे कल्पना आहे का? वेनेटा, ऑरेगॉन! माझ्यासाठी सगळ्यात वरचा शो हाच. स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची एक छोटी डेअरी डबघाईला आलेली, केसी कुटुंबाची, ओळखीतली माणसं, तर तिला वाचवायला हा कार्यक्रम. तिकिटं दह्याच्या डब्याच्या लेबलवर छापली होती. विचार करा, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याचं कर्ज फिटावं म्हणून एवढा मोठा बँड उघड्या माळावर येऊन दिवसभर वाजवतोय. ऊन असं जाळणारं की गिटारी सारख्या बेसूर होत होत्या, टेपवर मधेमधे सूर लावत बसलेले ऐकू येतात. आणि त्यातून अर्ध्या तासाचा 'डार्क स्टार' निघाला. २०१३ला अधिकृत निघालाय, फिल्मसकट.

अजून एक, १९७२ला ड्रमर एकच होता, बिल क्रॉइट्समन. हार्ट १९७१ ते ७४ बँडबाहेर होता. दोन ड्रमर असले की बँड म्हणजे एसटी, दमदार पण वळायला जागा लागते. ७२-७३चा बँड म्हणजे रिक्षा. गार्सियाने नुसतं तिकडे बघितलं की सगळे वळले. ही उपमा माझी, पण मत जुन्या ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं आहे.

बे_एरिया_काकू
मुलांनो, मी ह्यांना प्रत्यक्ष ऐकलेलं आहे बरं का. १९९४, शोरलाइन, माउंटन व्ह्यू. आम्ही नवीन नवीन, ह्यांच्या ऑफिसातला एकजण म्हणाला चला, म्हणून गेलो. मला वाटलं मैफल आहे, मी साडी नेसणार होते.

आत जायच्या आधी पार्किंगमध्येच जत्रा. अक्षरशः आपली जत्रा हो, बांधणीसारखे रंगीबेरंगी शर्ट विकणारे, गाडीच्या मागे स्टोव्ह मांडून चीज सँडविच भाजणारे, अनवाणी पोरं, लहान बाळं, आणि एक बोट वर करून नुसते उभे राहिलेले लोक. मी ह्यांना विचारलं हे काय मागतायत, तर म्हणे फुकट तिकीट, कुणीतरी देतं. आणि देतात हो! आत गेल्यावर मिक्सरच्या मागे एक जागा दिसली तिथे माणसांपेक्षा माइकच जास्त, उंच उंच काठ्यांवर, बोरूचं बेट उगवल्यासारखं. त्यांच्याशेजारी कुणी बोललं की ते असे डोळे वटारायचे, सवाईला पुढच्या रांगेत वेफर्सची पिशवी उघडली तर बघतात ना, तसे.

गाण्याबद्दल खरं सांगायचं तर गार्सिया फार थकलेला दिसत होता, मधे शब्द विसरला, तर लोकांनीच म्हणून पुरं केलं. मला तेव्हा काही कळलं नाही. वर्षभरात तो गेला, ऑगस्ट ९५. त्या रात्रीची टेप मुलाने मला शोधून दिली मागे. ऑडियन्स टेप हं. मी काही गाण्यासाठी ऐकत नाही, गर्दीत आपण दोघं कुठे असू ते शोधते.

अर्धीकॅसेट
काकू, माझं वरचं सगळं लांबलचक लिहिणं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत.
ते माइकचं बेट म्हणजे टेपर्स सेक्शन. १९८४च्या ऑक्टोबरपासून बँडनेच त्यांच्यासाठी वेगळी तिकिटं काढली, कारण हे लोक मिक्सरच्या पुढे काठ्या उभ्या करायचे आणि साउंडवाल्यालाच स्टेज दिसेना. दुसरा कुठला बँड असता तर पोलीस बोलावले असते. ह्यांनी जागा नेमून दिली! अट एकच, विकायचं नाही. म्हणून मग अदलाबदल. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कोरी कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा भरून परत पाठवणार.

रॉकपेक्षा_झांज
म्हणूनच २००५ला इंटरनेट आर्काइव्हवरून (ह्या टेपा फुकट मिळतात ती साइट) डाउनलोड बंद केले तेव्हा एवढी बोंबाबोंब झाली. आयुष्यभर फुकट वाटा म्हणालात आणि आता? मग ऑडियन्स टेपा डाउनलोडला परत दिल्या, साउंडबोर्ड फक्त तिथेच ऐकायचे. अजून तसंच आहे. (हा एक मुद्दा तुमच्या बाजूने गेला, नाइलाज.)

ऑरेंजसिटी
भाऊ एक विचारू का. मी ७४चे शो लावले दोन-तीन, वाद्यं अशी खणखणीत येऊन राहिली का विचारू नका, पण गाणं म्हणतात तेव्हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. माझा हेडफोन गेला का?

अर्धीकॅसेट
हेडफोन ठणठणीत आहे. ती 'वॉल ऑफ साउंड'ची करामत. बेअर आणि मंडळींनी ७४ला स्पीकरची अख्खी भिंत बांधली, सहाशेच्या वर स्पीकर, सुमारे २६,४०० वॉट, वजन ७५ टन, आणि ती भिंत बँडच्या मागे. म्हणजे जे लोकांना ऐकू जातं तेच बँडला. लेशच्या बासच्या चार तारांचे तर चार वेगळे मनोरे करता यायचे. आता मागेच एवढे स्पीकर म्हटल्यावर माइकमधून शिट्टी घुमणार की नाही? तर त्यांनी प्रत्येक गायकापुढे दोन माइक लावले, उलट्या फेजमध्ये जोडलेले. भिंतीचा आवाज दोन्हीत सारखा पोचतो, एकमेकांना खाऊन टाकतो. गायक फक्त एकात गातो, तेवढं उरतं. युक्ती भारी पण गळ्याचा खालचा भरीवपणा जातो, म्हणून तुमचा पत्र्याचा डबा. ते सगळं हलवता हलवता बँड कंगाल व्हायची वेळ आली, वर्षअखेरीआधीच ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड हॉलला पाच रात्री वाजवून मोठी सुट्टी घेतली.

ऑरेंजसिटी
अबे मस्त! म्हणजे आपल्या डीजेवाल्यांचे पूर्वजच.

ठेका_चुकला
मी तबला शिकतो (कसा ते आयडीवरून कळलं असेल). ह्यांचं काही मात्रांमध्ये मोजता येईल असं आहे का? नुसता चार-चारचा धोपटपणा मला झोप आणतो.

अर्धीकॅसेट
अहो खजिना आहे तुमच्यासाठी. 'द इलेव्हन' नावाप्रमाणे अकरा मात्रा. 'एस्टिमेटेड प्रॉफेट' सातात, कॉर्नेलला आहे. 'प्लेइंग इन द बँड' दहात, झपतालाची दहा धरून बसा, खंड जुळणार नाहीत पण आवर्तन जुळेल. आणि हे कुठून आलं? मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांच्या नादी लागला होता. सॅन राफेलला अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज, तिथे तरुण झाकीर हुसेन शिकवायचे, तिथल्या तालवाद्यांच्या मुलांच्या मेळातून हार्ट आणि झाकीरभाईंचा 'दिगा' अल्बम निघाला १९७६ला. त्यावर 'हॅपिनेस इज ड्रमिंग' म्हणून एक तुकडा आहे, तो ऐका आणि मग कॉर्नेलचं 'फायर ऑन द माउंटन' ऐका. तेच आहे ते! माहीममध्ये वाढलेल्या माणसाचा हात लागलेला ठेका बर्फ पडत असलेल्या इथाकात वाजतोय. हे कळल्यावर मी परत एकदा सीनियरला फोन केला, त्याला माहीतच नव्हतं, लई भारी वाटलं.

विलंबित_विलास
झाकीरभाईंचं हे ठाऊक नव्हतं. आता परत ऐकणं आलं.

सेक्रेटरी_बी_विंग
कुणीतरी इजिप्तला वाजवलेलं सांगा, मेव्हणा तेच सारखं सांगत असतो.

रॉकपेक्षा_झांज
सप्टेंबर १९७८, गिझा, पिरॅमिडपाशी तीन रात्री, तिसऱ्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. ऐकायला जितकं भव्य तितकं वाजलं नाही. क्रॉइट्समनचं मनगट मोडलेलं, एका हाताने वाजवतोय, पियानो बेसूर. टेपवरून अल्बम काढून खर्च भरून काढायचा होता, ऐकल्यावर बेत सोडला, शेवटी २००८ला निवडक भाग निघाला. हमझा अल दीन ह्या न्युबियन ऊदवादकाबरोबरचा टाळ्यांचा भाग मात्र ऐकाच. मेव्हण्याला माझा नमस्कार.

ठेका_चुकला
रिपोर्ट देतो. वेनेटाचं 'प्लेइंग इन द बँड' लावलं आज संध्याकाळी ठाण्याहून स्लो पकडताना. दाराशी उभा राहून मांडीवर दहा धरल्या. सुरुवातीला मस्त, दोन आवर्तनं, चार आवर्तनं, समेवर बरोबर. मग गाणं संपून मधलं ते सुरू झालं आणि त्यांनी दहा-बिहा सगळं सोडून दिलं, मी आपला धरून बसलोय. शेजारचे काका माझ्या मांडीकडे बघतायत. एका जागी वाटलं सम आली, ती नव्हती. परत एकदा वाटलं, तीही नव्हती. मग मी मोजायचं सोडलं, आणि सोडल्यावर किती वेळ गेला कळलं नाही, एकदम ती दहाची ओळ परत आली आणि माझा हात बरोबर समेवर पडला, शपथ.

अर्धीकॅसेट
वा!! कुठे पडली सम?

ठेका_चुकला
डोंबिवलीला. उतरायचं कळव्याला होतं.